तापलेली गाडी का रुसते?

फिनिक्समध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला उन्हाळा समजावून सांगायची गरज नाही. २०२३ साली इथे सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सियसला, टेकत किंवा ओलांडत राहिला. ‘आमच्या नागपुरात याहून जास्त असतं’ असे दरवर्षी ऐकवणारी मंडळीही त्या महिन्यात जरा गप्प होती.

अशा दिवसांत मंडळाच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, मला एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. ‘‘सर, सकाळी गाडी एका झटक्यात चालू होते. ऑफिसपर्यंत छान जाते. संध्याकाळी येताना किराण्यासाठी वीस मिनिटं थांबलो की मात्र चालू व्हायला तयार नाही. अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. गॅरेजमध्ये दोनदा नेली, ते म्हणतात गाडीत काहीच दोष नाही!’’ मी आयुष्यभर यांत्रिकी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना उष्मागतिकी शिकवली, म्हणून ही तक्रार फिरून माझ्याकडेच येते. प्रत्येकाला ताट हातात घेऊन उत्तर देण्यापेक्षा या वर्षीच्या अंकात सविस्तर लिहावे, असे ठरवले.

या आजाराची गंमत अशी की डॉक्टरांच्या दारात पोचेपर्यंत रोगी बरा झालेला असतो. गॅरेजवाला गाडी बघतो तेव्हा इंजिन थंड असते आणि दोषही लपलेला असतो. म्हणजे खरे निदान गॅरेजात होत नाही, ते पार्किंगच्या जागेत, गाडी चालू होत नसतानाच्या त्या दहा-पंधरा मिनिटांत होते. आणि त्या वेळी तिथे हजर असलेले एकमेव साक्षीदार तुम्ही असता. तुमची साक्ष नीट असेल तर मेकॅनिकचे काम सोपे होते. नसेल, तर तो अंदाजाने एकेक भाग बदलत जातो आणि बिल तुमच्या नावावर चढत जाते.

फियाट आणि ओले फडके

माझ्या पिढीला खंडाळ्याचा घाट आठवत असेल. मे महिना, मुंबईहून पुण्याला निघालेली फियाट, वर टपावर बांधलेल्या वळकट्या, आणि घाटात रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभा असलेला कुटुंबप्रमुख. मग पाण्याची बाटली निघे, एक फडके ओले करून पेट्रोलच्या पंपावर गुंडाळले जाई, सगळ्यांचा चहा होई आणि गाडी पुन्हा चालू होई.

त्या फडक्यात पक्के विज्ञान होते. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातले सर्वात हलके घटक साधारण ३५ ते ४० अंश सेल्सियसला उकळू लागतात. त्या गाड्यांचा पंप इंजिनालाच चिकटवलेला असे आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेई. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव आणखी कमी तापमानाला उकळतो. पंपात पेट्रोलऐवजी वाफ भरली की तो नुसती वाफच दाबत-सोडत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. यालाच ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. ओल्या फडक्यातले एक ग्रॅम पाणी वाफ होताना पाचशेहून जास्त कॅलरी उष्णता घेऊन जाते, त्यामुळे पंप थंड होतो आणि वाफेचे पुन्हा पेट्रोल होते.

हे सांगण्याचे कारण असे की आजही गाडी गरम असताना अडली की भारतातून आलेले आजोबा ठामपणे म्हणतात, ‘‘व्हेपर लॉक झालाय, फडकं ओलं कर.’’ आजोबांचे विज्ञान बरोबर आहे, पण गाडी बदलली आहे. आजच्या गाडीत पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तो पेट्रोल ओढत नाही, पुढे ढकलतो, तेही वातावरणाच्या तिप्पट-चौपट दाबाने. दाब वाढला की उत्कलनबिंदूही वाढतो, म्हणून गाडी चालत असताना पेट्रोल उकळण्याचा प्रश्न क्वचितच येतो. आजची गाडी गरम असताना अडते ती बहुधा वेगळ्या कारणांनी, आणि ती कारणे ओळखायची पद्धतही वेगळी आहे.

बंद केल्यावर इंजिनाचा परिसर आणखी तापतो

हा मुद्दा विद्यार्थ्यांनाही चटकन पटत नसे. गाडी चालत असताना इंजिनातले पाणी फिरत असते, समोरून वारा येतो, पंखा चालतो. किल्ली बंद केली की हे सगळे जवळजवळ थांबते. पण इंजिनाचे धूड आणि धुराड्याचा भाग तापलेलाच असतो. ती उष्णता आता आजूबाजूच्या नळ्यांत, तारांत, सेन्सरमध्ये झिरपते. त्यामुळे गाडी बंद केल्यावर साधारण पाऊण तासाच्या आत, बहुधा पंधरा ते तीस मिनिटांच्या सुमारास, बॉनेटखालच्या कित्येक भागांचे तापमान गाडी चालू असताना होते त्याहून जास्त होते. नंतर ते उतरू लागते.

म्हणून पेट्रोलपंपावर दोन मिनिटे थांबलात तर गाडी चालू होते, चित्रपट बघून तीन तासांनी आलात तरी चालू होते, पण किराण्याच्या वीस मिनिटांनंतर रुसते. तुमची तक्रार या नमुन्यात बसत असेल, तर दोष उष्णतेशी निगडित आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. अर्धे निदान इथेच झाले.

बघायच्या पाच गोष्टी

गाडी चालू झाली नाही की आपण घाबरून किल्ली फिरवतच राहतो. तसे करू नका. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर चालवू नये, मध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी. त्या मिनिटात पुढच्या गोष्टी बघा.

पहिली, गाडी किती वेळ थांबली होती? मिनिटांत लिहा.

दुसरी, स्टार्टर इंजिनाला फिरवतो का? नेहमीच्या वेगाने, की रडतरखडत, की नुसता ‘टक्’ असा आवाज?

तिसरी, किल्ली पहिल्या टप्प्यावर ‘ऑन’ केली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद ‘घूंऽऽ’ असा बारीक आवाज येतो का? तो पेट्रोलच्या पंपाचा. त्याच वेळी ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो का? बटणाच्या गाडीत ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबले की बहुतेक गाड्या याच स्थितीत येतात.

चौथी, पेट्रोलचा वास येतो का?

पाचवी, स्टार्टर फिरत असताना आरपीएमचा काटा थोडा तरी हलतो का?

आणि शेवटी, गाडी कशाने चालू झाली तेही लिहून ठेवा. नुसते थांबल्याने? की काही युक्ती केल्यावर?

साक्षीवरून निदान

स्टार्टर मंद फिरत असेल तर पेट्रोलच्या मागे लागू नका, प्रश्न विजेचा आहे. तांब्याचा विद्युतरोध दर अंश सेल्सियसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. स्टार्टर ३० अंशांवरून १०० अंशांवर गेला तर त्याच्या वेटोळ्यांचा रोध सव्वापटीहून थोडा जास्त होतो आणि तेवढी त्याची ताकद कमी पडते. निरोगी गाडी हे सहज सोसते. पण बॅटरी थकलेली असेल, तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल किंवा स्टार्टरच झिजला असेल तर सोसत नाही. साध्या मीटरने तपासा. पूर्ण भरलेली, विश्रांती घेतलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टर फिरताना तो आकडा साडेनऊच्या खाली घसरत असेल तर बॅटरी किंवा जोडण्या संशयित आहेत.

स्टार्टर जोमात फिरतो, वास नाही, आणि बराच वेळ फिरवल्यावर गाडी चालू होते, असे असेल तर बहुधा नळीतला दाब टिकत नाही. गाडी बंद झाल्यावरही नळीत दाब राहावा म्हणून पंपात एक एकमार्गी झडप असते. ती गळू लागली की दाब उतरतो आणि तापलेल्या इंजिनावरच्या नळीतले पेट्रोल उकळते. खंडाळ्याच्या घाटातला जुना पाहुणाच मागच्या दाराने आत येतो म्हणा ना! याची चाचणी फुकट आहे. किल्ली ‘ऑन’ करा, दोन-तीन सेकंद थांबा, बंद करा. असे तीनदा करून मग स्टार्टर फिरवा. दर वेळी पंप थोडा दाब भरतो. या युक्तीने गाडी लगेच चालू झाली तर साक्ष पक्की झाली.

पेट्रोलचा वास येतो आणि चालू होताना मागून काळा धूर निघतो, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त झाले आहे. एखादा इंजेक्टर ठिबकत असेल. किंवा पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर खोटे बोलत असेल: इंजिन तापलेले असताना ‘थंडी वाजतेय’ असे सांगत असेल, आणि बिचारा संगणक थंडीतल्यासारखे भरपूर पेट्रोल सोडत असेल. त्या सेन्सरची तार तुटली तर तपासणी यंत्रावर बहुधा उणे ४० अंश दिसतात. हा आकडा फॅरनहाइट आणि सेल्सियसमध्ये एकच आहे, त्यामुळे अमेरिकेत वाढलेली नात आणि पुण्याचे आजोबा यांचे निदान एकदा तरी एकाच आकड्यावर येते. जादा पेट्रोलावरची युक्ती अशी, की ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि मग स्टार्टर फिरवा. बहुतेक गाड्यांत त्या स्थितीत संगणक इंजेक्टर बंद ठेवतो आणि हवेने इंजिन कोरडे होते. गाडी चालू झाल्याबरोबर पाय काढा.

टाकी भरल्यावरच गाडी चालू व्हायला त्रास देते, एरवी नाही, अशी तक्रार असेल तर टाकीतली वाफ इंजिनाकडे सोडणारी झडप उघडीच राहत असण्याची शक्यता मोठी. ही वाफ कोळशाच्या डब्यात साठवली जाते. पंपाचा पहिला ‘टक्’ झाल्यावरही आणखी दोन-चार वेळा दाबून टाकी काठोकाठ भरायची सवय काहींना असते. त्याने द्रव पेट्रोल त्या डब्यात जाते आणि डबा खराब होतो. पहिल्या ‘टक्’ला थांबावे.

किल्ली ‘ऑन’ केल्यावर पंपाचा आवाज नाही, ‘चेक इंजिन’चा दिवाही नाही, तर संगणकाला वीजच पोचत नाही, रिले किंवा फ्यूज बघावा. दिवा लागतो पण पंपाचा आवाज नाही, तर पंप किंवा त्याचा रिले. मात्र काही गाड्यांत दार उघडताच पंप चालतो, म्हणून आपल्या गाडीची नेहमीची सवय आधी माहीत असू द्या.

आणि स्टार्टर जोमात, पंपाचा आवाज आहे, वास नाही, पण आरपीएमचा काटा शून्यावर गोठलेला, तर संशय क्रँकशाफ्टच्या सेन्सरवर जातो. त्याबद्दल एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो.

नऊशे डॉलर आणि एक वही

आपल्याच परिचयातल्या एका कुटुंबातला मुलगा टूसॉनला शिकतो. त्याने स्वतःच्या कमाईतून बारा वर्षांची जुनी गाडी घेतली. जूनपासून ती गरम असताना अडू लागली. एका गॅरेजने बॅटरी बदलली, मग पेट्रोलचा पंप, मग स्पार्क प्लग. नऊशे डॉलरच्या आसपास खर्च झाला आणि दोष जागच्या जागी. आईचा जीव टांगणीला, कारण फिनिक्स ते टूसॉन हा शंभरावर मैलांचा रस्ता वाळवंटातून जातो आणि जुलैत तिथे गाडी बंद पडणे म्हणजे नुसता उशीर होणे नव्हे.

मी त्याला फोनवर एवढेच सांगितले, ‘‘बाळा, आता एकही भाग बदलू नकोस. वही घे आणि पाच गोष्टी लिहीत जा.’’ तीन आठवड्यांत सात नोंदी झाल्या. प्रत्येक वेळी गाडी पंधरा ते चाळीस मिनिटे थांबलेली होती. स्टार्टर जोमात, पंपाचा आवाज व्यवस्थित, वास कधीच नाही, काटा दर वेळी शून्यावर. नुसते थांबल्यावरच गाडी चालू होई. मग त्याने मित्राकडून तपासणी यंत्र आणून जोडले. १९९६ पासूनच्या इथल्या सगळ्या गाड्यांत डॅशबोर्डखाली त्यासाठी सोळा टोकांचे खोबण असते. स्टार्टर फिरत असतानाही यंत्र इंजिनाचा वेग शून्य दाखवत होते.

क्रँकशाफ्टचा सेन्सर संगणकाला इंजिन फिरते आहे की नाही आणि किती वेगाने, हे सांगतो. काही गाड्यांत तो केसाएवढ्या बारीक तारेच्या वेटोळ्याचा असतो. तारेत किंवा जोडात सूक्ष्म भेग पडली की थंडीत ती जुळलेली राहते, उष्णतेने फाकते. संगणकाला वाटते इंजिन स्थिर आहे, म्हणून तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. इंजिन स्थिर आहे असाच त्याचा समज असल्याने पुष्कळदा तो तक्रारही नोंदवत नाही. नोंदवलीच तर तिचा क्रमांक बहुधा पी-०३३५ असतो. मुलाने ती वही गॅरेजवाल्यापुढे ठेवली. पन्नास डॉलरच्या आतला भाग आणि तासाभराची मजुरी, एवढ्यात काम झाले.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. हा सेन्सर आज फक्त चालू होताना त्रास देत असला, तरी उद्या हायवेवर धावत्या गाडीचे इंजिनही बंद पाडू शकतो. म्हणून ‘अर्ध्या तासाने चालू होते ना, मग चालवून घेऊ’ असे म्हणत वर्ष काढू नका. धावता धावता इंजिन बंद पडलेच तर स्टिअरिंग जड होते, पण वळते. ब्रेकला एक-दोनदा नेहमीची मदत मिळते, म्हणून तो पुन्हा पुन्हा दाबू-सोडू नका, एकदाच स्थिर दाबा. इशाऱ्याचे दिवे लावून गाडी कडेला घ्या.

हे मात्र करू नका

पेट्रोलचा तीव्र वास येत असेल किंवा गाडीखाली थेंब दिसत असतील तर एकही प्रयोग नको. सगळ्यांनी खाली उतरून दूर जावे आणि मदत बोलवावी. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. तिथे इंजिनाजवळच्या नळीत दीडशे-दोनशे पट दाब असू शकतो, त्या नळीला घरी हात लावू नये.

आणि गाडी चालू होत नाही म्हणजे एसी बंद. उन्हात उभ्या गाडीच्या आतले तापमान दहा मिनिटांत सुमारे २० अंश फॅरनहाइटने चढते. ‘पाच मिनिटांत होईल चालू’ म्हणून लहान मूल किंवा भारतातून आलेल्या आई-बाबांना आत बसवून ठेवू नका. आधी त्यांना सावलीत किंवा दुकानात न्या, मग बॉनेट उघडा. ग्रँड कॅन्यनला निघताना चिवड्याचा डबा आपण विसरत नाही, तशीच माणशी गॅलनभर पाण्याची सोयही विसरू नये.

उन्हाळ्यात टाकी पावभर तरी भरलेली ठेवावी. आतल्या पंपाला थंड ठेवण्याचे काम पेट्रोलच करते.

कापून गाडीत ठेवण्यासाठी

१. किती मिनिटे थांबली होती?
२. स्टार्टर: जोमात, मंद, की नुसता टक्?
३. पंपाचा आवाज आणि ‘चेक इंजिन’चा दिवा: आहे की नाही?
४. पेट्रोलचा वास: आहे की नाही?
५. आरपीएमचा काटा: हलतो की शून्यावर?
६. कशाने चालू झाली: तीनदा किल्ली, पाय तळापर्यंत, की नुसते थांबून?
७. आदल्या तासाभरात पेट्रोल भरले होते का?

विजेवरच्या गाड्यांच्या मालकांनी इथवर वाचले असेल तर त्यांचे आभार. त्यांच्याही बहुतेक गाड्यांत एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि तिलाही ऊन बाधते. बॅटरीला थंडीपेक्षा उष्णता जास्त मारते. मात्र उन्हाळ्यात झालेली इजा पहिल्या थंडीत उघड होते, आणि आपल्याकडे ती थंडी दिवाळीनंतरच येते. तेव्हा फराळाची आवराआवर झाली की बॉनेट उघडून बॅटरीवरच्या चिकटपट्टीवरची तारीख बघा. तीन वर्षे उलटून गेली असतील तर पार्ट्सच्या दुकानात ती तपासून घ्या. पुष्कळ ठिकाणी ही तपासणी मोफत करून देतात.

सर्वांना शुभ दीपावली!